झुझानाच्या घरातली माणसं

आई पिरोहीच्या कडा दाबत होती. शहाण्णव वर्षांची, पण पिठावर हात अजून हलका. बटाट्याचं सारण मी भरायचं, कडा तिने दाबायच्या, हे आमचं क्लीव्हलंडमधलं शुक्रवारचं काम.

"सापडली का गं ती?" तिने मान वर न करता विचारलं.

ती म्हणजे माझी आजी, झुझाना.

आई दोन वर्षांची असताना पेन्सिल्वेनियातल्या कॉर्विनच्या कोळसाखाणीत स्फोट झाला. आजोबा आणि आईचे दोन्ही भाऊ एकाच दिवशी गेले. दफन आटोपलं आणि आजीने आईला क्लीव्हलंडच्या मामाच्या हाती सोपवलं. तेव्हा आजी पस्तिशीची होती. ती पुन्हा कधी आली नाही. "मला देऊन मोकळी झाली," एवढंच आई जन्मभर म्हणत आली.

मी गणित शिकवण्यात आयुष्य घालवलं. अंदाजापेक्षा आकडे बरे, म्हणून जुन्या जनगणनेच्या नोंदी चाळायला बसले.

एकोणीसशे तीस. कॉर्विन. झुझाना हुदाक, विधवा, धुणी धुते. मुलगी वेरोना, वय चार. वेरोना म्हणजे आई. पण त्याच साली क्लीव्हलंडला मामाच्या घरीही तिची नोंद होती. मला भडभडून आलं. दारात आलेल्या माणसाला बिचारीने सांगितलं असणार, लेक घरातच आहे.

चाळीस साल. झुझाना. वेरोना, वय चार.

त्या वर्षी माहिती देणाऱ्याच्या नावापुढे फुली मारत. फुली वेरोनापुढे होती.

पन्नासच्या नोंदी नुकत्याच खुल्या झाल्या होत्या. त्यात झुझानाचं नाव लिहून मग खोडलेलं. खाली एकटी वेरोना, वय चार. खरं तर त्या साली आई चोवीसची होती, माझा थोरला भाऊ तिच्या कडेवर होता.

आईला मी फक्त तीस सालचं सांगितलं.

"तिने तुला सोडलं नव्हतं, आई. घरात तुझं नाव लिहवलं होतं."

तिची बोटं थांबली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज साधाच होता.

"ते मला ठाऊक आहे. मी होते ना तिथे."

"अगं, तू दोन वर्षांची असतानाच तिथून इकडे आलीस."

"तिचे केस मीच विंचरायचे. पांढरेशुभ्र."

मी सारणाचा चमचा खाली ठेवला.

"एका सकाळी ती उठेना. पाय गार लागले, म्हणून मी आणखी एक पांघरूण घातलं. तेवढ्यात दार वाजलं. टोपीवाला माणूस, हातात मोठी वही. घरात कोण कोण, म्हणाला. मी म्हटलं, आई आणि मी. आई झोपलीय. त्याने लिहून घेतलं."

तिने पुढची पिरोही उचलली, कड नीट दाबली.

"मग तो आत डोकावला, आणि तिचं नाव खोडलं."