खंजिरीच्या पानाची कड

लियाकतभाईंनी फडक्यातून खंजिरी काढून टेबलावर ठेवली. वाजवायच्या पारदर्शक पानाला मधोमध रुपयाएवढं भोक.

"ताई, भजनी मंडळ म्हणतं माझा माल हलका. चाळीस वर्षं पंचवटीतल्या त्यांच्या वाद्यांना पानं चढवली. उद्यापासून काम त्या दुकानवाल्या सनीला. माझं नाव गेलं."

तेजल गायधनी शोधकामाला विटलेली होती. तरी भोकावरून तिनं बोट फिरवलं. "कड जाड आहे. मणी ओवल्यासारखी."

"टाचणीनं फोडलंय," तिचा सहायक रवी म्हणाला.

"पॉलिस्टरची फिल्म आहे, रवीभाऊ, यंदाच चढवलेली," लियाकतभाई म्हणाले. "ओढून बघा, फाटायची नाही. ओल पीत नाही, पावसात सैल पडत नाही."

तिघं मंदिरात पोचले तेव्हा पावसाची भुरभुर चालूच होती. मंडळाच्या प्रमुख वत्सलाबाई करवादल्या. "ऐन कीर्तनाच्या तोंडावर फुटली! बुवांनी नुसत्या टाळांवर पूर्वरंग ओढला. त्यात धुपाची शेगडी कुणी ओसरीवर नेलेली. आरतीला निखारे शोधत फिरले मी."

वाद्यांचा दुकानदार सनी तिथंच होता. "कापली असेल कुणी. मीही हीच पानं विकतो. काम हवंय मला, पण असं नको."

खंजिरीवाले म्हातारे मंगळू, मूळचे पेठ तालुक्यातले, खांबाला टेकले होते. "हवा लय ओली व्हती. वाजवाय घेतली, तं भोक. म्या काय नाय केलं."

तेजल पायरीवर बसली.

"कापलं तर कड सरळ येते. जाड कड येते ती आचेनं. ही फिल्म आच लागली की आक्रसून मागं गोळा होते. शेगडी ओसरीवर गेली ती ही आच द्यायला."

"म्हणजे सनीच!" रवी म्हणाला.

"सनीला मोडायचीच असती तर ब्लेड पुरलं असतं. निखारे घेऊन कशाला बसेल? रवी, ओल्या हवेत खंजिरी शेकतं कोण? ज्याच्या हाताला जन्मभर कातड्याची सवय तो. कातडं ओलीनं सैल पडतं, शेकलं की बोलतं."

मंगळूंनी डोळे मिटले. "हात आपसूक गेला, बाई. ह्ये कातडं नाय, ध्यानातच नाय ऱ्हायलं. सांगितलं असतं तं म्हनले असते, म्हातारा कामातून गेला. खंजिरी सुटली तं देवापुढं काय घिऊन बसू?"

वत्सलाबाई हात जोडून लियाकतभाईंकडे वळल्या. "चुकलं आमचं. वाद्यं तुमच्याकडंच."

लियाकतभाई मंगळूंशेजारी टेकले. "दादा, मला तरी सांगायचंत. उद्या तुमच्या खंजिरीला कातडंच चढवतो. शेका हवी तेवढी."

वत्सलाबाईंनी शेगडी उचलली आणि मंगळूंच्या जागेपाशी नेऊन ठेवली.