कोरड्या तळ्यात बुडालेला माणूस

"पोलीस म्हणतात, बुडून मेले," नीरजा म्हणाली. "कोरड्या तळ्यात माणूस बुडतो कधी?"

शनिवार पेठेतल्या त्या ऑफिसात पंखा होता, पण तो अशिलासाठी लावायची पद्धत नव्हती. खासगी गुप्तहेर रतनबाई पेंडसे समोरच्याला आधी घाम फुटू देत आणि मगच ऐकत. त्यांचे बिनपगारी सहकारी आमोदराव, बँकेतून निवृत्त झालेले, मात्र लगेच विरघळले. पोर किती रडवेली झाली होती!

नीरजा पक्ष्यांची अभ्यासक. वाघोलीपुढच्या नदीकाठच्या एका पाणथळ तळ्यासाठी ती वर्षानुवर्षं भांडत होती. वैजनाथ नावाच्या बिल्डरनं वरचा ओढा बुजवला आणि तळं कोरडंठाक पडलं. आता सरकारी पाहणी उद्यावर आली होती. तळ्यात पाणी दिसलं तर पाणथळ वाचणार, नाहीतर ती पडीक जमीन ठरून तिथे इमारती उठणार. जमीन हिंमतरावांची, आणि पाटाच्या पाण्याची पाळीही त्यांचीच. आज त्यांचा दहावा होता.

"सकाळी गावकऱ्यांना ते गुडघाभर पाण्यात पालथे सापडले. डोक्याला मागून जखम. पोलीस म्हणतात, पाय घसरला. वैजनाथनंच मारलं त्यांना, आणि पुरावा बुडवायला वरून सांडपाणी सोडलं."

"हिंमतराव कुणाच्या बाजूचे?"

"माझ्या. म्हणजे आधी." नीरजाचे ओठ आवळले गेले. "शेवटी त्यांनीही तळ्यावर पाणी सोडलं."

"तुमचं शेवटचं बोलणं?"

"ते गेले त्याच्या आठवडाभर आधी. नंतर मी तिकडे गेले नाही. आता तर पाऊलच उचलत नाही."

तिनं मोबाइलवर गावात फिरलेला प्रेताचा फोटो दाखवला. रतनबाईंनी तो बोटांनी मोठा करून पाहिला.

"वहाणा चांगल्या आहेत. पायात घट्ट बसलेल्या."

आमोदरावांना हे अगदीच बरं दिसलं नाही.

वैजनाथ त्याच्या नमुना फ्लॅटमध्ये भेटला. प्रकल्पाचं नाव 'चक्रवाक'. ज्या पक्ष्यांना हुसकावायचं, त्यांचंच नाव भिंतीवर सोनेरी अक्षरांत.

"अहो मॅडम, मला तळं कोरडं हवंय," तो म्हणाला. "खून करून वर तिथं पाणी भरायला मी काय खुळा आहे?"

"हिंमतराव काही बोलले होते?"

"दिवाळीपासून म्हातारा मला दारात उभं करत नव्हता."

"बेरड आहे," जिना उतरताना आमोदराव म्हणाले.

"आहेच. पण ते त्याच्या पाटीवरूनच कळलं होतं."

हिंमतरावांचा मुलगा योगेश दहाव्याहून नुकताच परतला होता. डोक्याचा गोटा उन्हात चमकत होता. मागे उभा मका वाळून कोळसा झालेला.

"मला ती जमीन इकायची हाय, लपवत नाय," तो म्हणाला. "त्या सांजच्याला आबा चहा पिता पिता म्हनले, 'आज तळ्यावर पानी सोडतो.' माझं डोस्कं फिरलं. लई भांडलो. फोन घरातच टाकून ते तसंच निघून गेले."

"हे कुणी ऐकलं?"

"आई माहेरी गेलती. आमी दोघंच. घरचं भांडान म्या कुनाला सांगू?"

"मका कुणाचा?"

"आमचाच की."

"यानंच केलं!" आमोदराव कुजबुजले.  रतनबाई उतारावरून तळ्याकडे गेल्या, वाकल्या आणि ओंजळभर पाणी नाकाशी धरलं. पाण्याला ना फेस, ना वास. पलीकडे चार शेकाट्या पक्षी लांब पायांवर उभे होते.

"जन्म पुण्यात गेला तुमचा," त्या म्हणाल्या. "हे सांडपाणी वाटतं? नीरजाला बोलवा. आणि पोलिसांनाही."

नीरजा आली ती बांधावरच थबकली. तिनं आधी पक्ष्यांकडे पाहिलं.

"हे पाटाचं पाणी," रतनबाई म्हणाल्या. "हिंमतरावांनी स्वतःचा मका मारून आपली पाळी इथं सोडली. 'तळ्यावर पाणी सोडतो' ते म्हणाले ते याला. म्हणून तर योगेश भांडला. तळ्यावरचा हक्कच बाप सोडतोय असं असतं, तर यानं पेढे वाटले असते."

आमोदरावांचं तोंड उघडंच राहिलं.

"आता वहाणा. शेतकरी पाण्यात उतरताना वहाणा हातात घेतो. यांच्या पायातच होत्या, म्हणजे ते पडले तेव्हा इथं कोरडं होतं. पाटाचं दार उघडून ते पाण्याच्या पुढे चालत आले होते. घाव बसला, ते बेशुद्ध पडले. पाणी मागून आलं आणि नाकातोंडात गेलं. पोलीस खोटं बोलले नाहीत. माणूस बुडूनच मेला, आपल्याच पाण्यात."

"योगेश..." नीरजा कशीबशी म्हणाली.

"योगेशनं मारलं असतं तर आधी धावत जाऊन दार बंद केलं असतं. वैजनाथशी त्यांचं बोलणंच नव्हतं. 'पाणी सोडतो' हे ते त्या संध्याकाळी घरात बोलले आणि फोनशिवाय इकडे आले. मग ते तुम्हाला कुठून कळलं? तुमचं शेवटचं बोलणं तर आठवडाभर आधीचं ना?"

नीरजा मटकन बांधावर बसली.

"ते हसत होते," ती म्हणाली. "म्हणाले, 'ताई, सोडलं बगा तळ्यावर पानी.' मला वाटलं, वैजनाथनं विकत घेतलं आणि वर हसताहेत. ते पाठमोरे झाले, दुर्बिणीचा स्टँड माझ्या हातात होता. पुढचं..."

"का हसताय, एवढंही विचारलं नाहीत. पाणी इथवर यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढी तरी कळ काढायची."

आमोदरावांना तिची कीव आली आणि त्या कीवेची चीडही आली. रस्त्यावर पोलिसांची गाडी येऊन थांबली होती.

वरून योगेशनं हाक दिली. तो पाटाच्या दाराशी, चाकावर हात ठेवून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"आई म्हनली, दहाव्यापतूर आबांनी सोडलेलं पानी बंद करायचं नाय. झाला आज दहावा."

"नको!" नीरजा उठून धावली. "दादा, उद्या पाहणी आहे. ही भेगाळलेली जमीन रात्रीतून सगळं पिऊन टाकेल. मला फाशी होऊ दे, पण आजची रात्र राहू द्या. आबांसाठी तरी!"

योगेशनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग सावकाश चाक फिरवायला घेतलं.

"ताई," तो म्हणाला, "आता तुमी बी सोडा तळ्यावर पानी."

दार खाली बसलं. थोड्या वेळानं तळ्याकडे येणाऱ्या चारीतला पाण्याचा आवाज थांबला.