पाठीवरची लाल चौकट

मास्तरांची किंकाळी जिन्यापर्यंत आली आणि डॉक्टरीणबाई धावतच सुटल्या. हा वॉर्ड शेवटच्या दुखण्याच्या रोग्यांचा. बरं करणं कुणाच्याच हातात नव्हतं, निदान वेदना तरी कमी व्हाव्यात एवढंच काम. नेमकं तेच होत नव्हतं. मास्तरांच्या पाठीवर वेदनाशामक पट्टी होती, तिचा डोस दोनदा वाढवला, तरी म्हातारा गुरासारखा ओरडत होता.

"या बयेनं औषध विकलंय!" मास्तरांचा मुलगा सिस्टरच्या अंगावर धावून गेला. "खोट्या पट्ट्या लावते. आजच्या आज हाकला हिला!"

सिस्टरचं तोंड पांढरंफटक पडलं. मास्तरांची बायको मात्र मुकाट्यानं नवऱ्याचे पाय चेपत होती. अशी बायको शोधून सापडायची नाही, असं सगळा वॉर्ड म्हणायचा.

"पट्टी कोण लावतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मीच, मॅडम. पाकीट या काकूंसमोरच फोडते."

"जुनी कोण काढतं?"

"काकूच. अंग पुसताना काढून टाकतात. पाठीला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत."

"इंजेक्शननं गुण येतो?"

"लगेच येतो. थोड्या वेळानं पुन्हा तेच."

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना कुशीवर वळवलं. पट्टी जागच्या जागी होती. शेजारी जुन्या पट्टीची खूण होती: नुसती लाल चौकट, आत कातडी स्वच्छ.

"सिस्टरचा काही दोष नाही," त्या म्हणाल्या. "यांच्या कातडीला चिकट काही सोसत नाही. पट्टी पुरती चिकटली असती, तर अख्खा चौकोन लाल झाला असता. इथे फक्त कडा लाल आहेत. म्हणजे कुणीतरी पट्टी उचलतं, खाली काहीतरी सारतं आणि पुन्हा दाबून बसवतं. आणि या पाठीला हात एकाच माणसाचा लागतो."

त्यांनी पट्टी सोलली. खाली प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा होता, नीट कापलेला.

"आई?" मुलगा तिच्याकडे वळला.

"तुझी ताई पोट धरून रात्रभर तळमळली," काकू म्हणाल्या. पाय चेपणं थांबलं नव्हतं. "हे म्हणाले, सोंगं करते. दवाखान्यात नेऊ दिलं नाही. सकाळी पोर गार पडली होती. दुखणं म्हणजे काय, ते यांनाही कळू दे की!"

मास्तरांनी हात जोडले.

"सोंगं करू नका," काकू म्हणाल्या.

"बाजूला व्हा, काकू!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. सिस्टरनं इंजेक्शन दिलं. हळूहळू मास्तरांचा चेहरा सैलावला, डोळे मिटले.

तेव्हा कुठे काकूंना रडू फुटलं.

"झोपले?" त्या संतापानं म्हणाल्या. "इतक्यात?"