दोघांची एकच सुट्टी

या, अशा जवळ सरका. प्रेमाची गोष्ट लांब बसून ऐकायची नसते. आणि ही तर अशा दोघांची, ज्यांना पांडुरंगाने एकाच ऑफिसात आणून बसवलं, पण सुट्टी मात्र कधी एकत्र दिली नाही. घाबरू नका, शेवट गोड आहे.

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गचा पाऊस. धड पडत नाही, धड थांबतही नाही... ऊर्मिला ऑफिसबाहेरच्या सायकलशेडखाली अंग चोरून उभी होती. तेवढ्यात एक तरुण धावत आला, नखशिखान्त भिजलेला. छत्री होती त्याच्याकडे, पण ती छातीशी धरलेल्या पिशवीवर उघडलेली! आडोशाला येताच त्याने पिशवीतून चिपळ्या काढल्या, मफलरने हळुवार पुसल्या. आपल्या केसांतून पाणी निथळतंय, हे त्याला नंतर आठवलं.

“डोकं भिजलं तुमचं,” चिपळ्या पाहून ती सरळ मराठीतच म्हणाली.

तो चमकला. मग हसला. “डोकं वाळतं हो. लाकूड फुगलं की नाद बसतो.”

“कीर्तन करता?”

“छे! मी मागे उभा राहणारा. इथे जवळच, ब्राउनश्वाइगला, महिन्यातून एकदा कीर्तन असतं. बुवा श्वास घ्यायला थांबले की ओळ धरून ठेवायची, एवढंच माझं काम.”

“माझे बाबा कीर्तनकार. लहानपणी मी त्यांच्या मागे झांज वाजवायचे.”

पाऊस कधी थांबला, दोघांनाही कळलं नाही.

सोमवारी तोच तरुण तिच्या विभागात हजर! गौरांग, नवा इंजिनियर. टीमप्रमुखांनी समोरासमोरची टेबलं दाखवली. “तुम्ही दोघं आता एकमेकांचे फरट्रेटुंग.” म्हणजे एक रजेवर गेला की त्याचं काम दुसऱ्याने सांभाळायचं. दोघांनी एकदम रजा घ्यायची नाही.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” ऊर्मिला हसून म्हणाली. तेव्हा तिला काय ठाऊक...

पहिली रजा तिची. निघाली होती साबाला. कॅरिबियन समुद्रातलं एवढंसं बेट, नकाशात बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाईल.

“साबाच का गं?”

“तिथे मोठा रस्ता एकच आहे. मला दिशा कळत नाहीत, पण तिथे मी चुकणार नाही.”

“आणि तरी चुकलीस तर?”

“तू बघशील ना. माझा फरट्रेटुंग आहेस!”

ती परतली त्या दिवशी काम समजून घेता घेता कॉफी गार झाली. “अरे, धावपट्टी इतकी आखूड! फांदीवर चिमणी बसावी तसं विमान टेकतं. मी डोळे मिटून ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणाले, तर शेजारची बाई म्हणते, आमेन! पांढरी घरं, लाल छपरं... आणि डोंगराचं डोकं सदा ढगात. वर चढले, तर नेच्यांच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं. टप... टप... वाटलं, आत्ता इथे —”

“काय?”

“चिपळ्या हव्या होत्या.”

ती खाली बघून कॉफी ढवळत राहिली. साखर न घालताच.

मग रजा त्याची. तो गेला कोलंबियातल्या कार्ताहेनाला. येताना चेहरा उन्हाने रापलेला, आवाज मात्र मऊ झालेला. “जुन्या शहराला जाडजूड तट आहे. घराघरांच्या सज्जांतून बोगनवेल लोंबते. संध्याकाळी अख्खं गाव तटावर येऊन बसतं, सूर्य समुद्रात बुडताना बघायला. मीही बसलो. शेजारी जागा ठेवून.”

“कोणासाठी?”

“तशी... गर्दी नव्हती फार.”

“आत्ता तर अख्खं गाव म्हणालास!”

त्याचे कान लाल झाले. तिला हसू आलं, आणि मग ते विरलं. तटावरची ती रिकामी जागा तिला हवी होती. दुसरं काही नको होतं. आणि नेमकी तीच मिळणार नव्हती. ती निघाली की तो इथे, तो निघाला की ती इथे.

काही आठवडे गेले. एका दुपारी टीमप्रमुख सहज बोलून गेले, “गौरांगने तुझं फरट्रेटुंग सोडायची विनंती केलीय.”

ऊर्मिला तशीच उठली. बाहेर तोच पाऊस, तीच सायकलशेड. मागोमाग तो धावत आला, कीर्तनाला न्यायच्या चिपळ्यांवर छत्री धरून, आणि शेडच्या कडेला पावसातच थांबला.

“एवढा कंटाळा आला माझ्या कामाचा?”

“आल्झो... ऐक ना —”

“मराठीत बोल!”

“अगं, तुझं काम बघत इथे बसलो, तर तुझ्याबरोबर येणार कसा?”

पत्र्यावर पाऊस तेवढा बोलत होता.

“कुठे?” तिने हळूच विचारलं.

“पूर्वरंग साबाला, उत्तररंग कार्ताहेनाला. ती जागा तुझीच होती, ऊर्मिला. मला तुझ्या जागेवर नाही बसायचं... तुझ्या शेजारी बसायचंय.”

तिने ओले डोळे टिपले. मग एक भुवई उंचावली. “कीर्तनात पूर्वरंग संपला की हार घालतात. विसरलास वाटतं?”

“कोणी... कोणाला?”

“दोघांनी एकमेकांना. आणि मध्ये नाही हं, निघायच्या आधीच. बाबांसमोर.”

छत्री त्याच्या हातातून सुटली. त्या दिवशी चिपळ्याही भिजल्या, आणि कुणी पुसल्या नाहीत.

“पण आपलं काम कोण बघणार?” शेवटी ऊर्मिलाच भानावर आली.

“फ्राउ क्र्युगर.”

फ्राउ क्र्युगर, म्हणजे क्र्युगरबाई, ऑफिसात खिडकीपाशी बसत. निवृत्तीला आलेल्या, विमानाला घाबरणाऱ्या. बाल्टिकच्या किनाऱ्यापलीकडे कधी न गेलेल्या. गौरांगने भीत भीत विचारलं, तेव्हा त्यांनी चष्मा वर केला होता. “दोघांचं मी सांभाळते. मला डोळे आहेत, केव्हाचं दिसतंय. पोस्टकार्डं मात्र दोन हवीत!”

हार घातले गेले. साबाच्या ढगात चिपळ्या वाजल्या. आणि एका संध्याकाळी कार्ताहेनाच्या तटावर सूर्य बुडत असताना गौरांगने ताल धरला, ऊर्मिलाने बाबांच्या चालीत नाम घेतलं. डोक्यावर फळांची परात घेतलेली एक बाई थांबली, हसली, मान डोलावून गेली. त्याच्या शेजारची जागा भरली होती.

आणि इकडे वोल्फ्सबुर्गला फ्राउ क्र्युगर या टेबलावरून त्या टेबलावर जात दोन-दोन फोन उचलत होत्या, पहिल्या पोस्टकार्डाची वाट पाहत.

बुवा श्वास घेतात तेव्हा मागे उभे असलेले ओळ धरून ठेवतात, म्हणून तर नाम तुटत नाही. तेव्हा माझ्या माणसांनो, कधी आपल्या माणसाशेजारी समुद्राकाठी बसलात, तर एवढं करा. मागे ओळ धरून बसलेल्या त्या फ्राउ क्र्युगरची क्षणभर आठवण काढा.