सहा फुटांवरची जांभळी

"ओ, ओ! माझ्या गाडीभोवती काय मारालाय ते?"

हातातलं फडकं तसंच घेऊन संयोगिता धावली. समोर एक उंच, सडपातळ माणूस पाठमोरा वाकून डब्यातून पांढरी फक्की सोडत होता, खो-खोचं मैदान आखतात तशी. रेघ गाडीच्या मागच्या चाकापासून निघाली होती आणि आता वळण घेऊन पुढच्या दिव्यांकडं चालली होती.

तो वळला. नाकाच्या शेंड्यावर फक्की, चष्म्याच्या एका काचेवर फक्की.

"रेघ," तो म्हणाला.

"ते दिसतंय की. पण कशाला?"

"बघायला येणाऱ्यांनी हिच्या बाहेर उभं राहायचं. सहा फूट…" बोलता बोलता त्याची नजर गाडीवर गेली आणि पुढचं वाक्य तो विसरलाच. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "ही… ही तुम्ही केलीत?"

"न्हाय. शेजारीण करून ठेवून गेली."

तो हसला. मोकळं, अगदी लहान मुलासारखं. संयोगितानं मनात म्हटलं, हसतोय तर बरा. पण रेघ काय मला पटली न्हाय!

जानेवारीतला रविवार होता. कोल्हापुरातल्या त्या मैदानावर सकाळच्या कोवळ्या उन्हात वीस-बावीस गाड्या ओळीनं लागल्या होत्या. कुणाची उंच चाकांची जीप, कुणाची छत कापलेली मोटार. पण येणाऱ्याचे पाय थबकत होते ते संयोगिताच्या गाडीपाशी, जांभळीपाशी. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका अँबेसेडरचा गंजका सांगाडा संयोगितानं भंगारातून उचलला होता. वडिलांच्या, म्हणजे हंबीररावांच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षं खपून तिनं त्याची ही गाडी केली होती. बॉनेट काढून उघडं ठेवलेलं इंजिन, दोन्ही बाजूंनी बाहेर काढलेले चकचकीत सायलेन्सर आणि अंगभर पिकल्या जांभळाचा रंग. परदेशात अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. हंबीरराव नुसतंच 'तुझं ते येड' म्हणायचे, पण रंगाचा शेवटचा हात दिला त्या दिवशी तासभर तिच्यासमोर स्टूल टाकून बसले होते.

"लोकांनी हात लावून बघायला पाहिजे ओ," संयोगिता म्हणाली. "सहा फुटांवरनं काय दिसणार? ही काय वाघीण हाय व्हय, पिंजऱ्यात घालायला?"

"मी सौमित्र. राजारामपुरीतल्या शाळेत चौथीचा वर्ग आहे माझा. आज इथं गर्दीकडं बघायचं काम माझ्याकडं दिलंय." त्यानं डबा खाली ठेवला. "एक मिनिट खाली बसाल? उकिडवं. इथं, माझ्या शेजारी."

"का?"

"बसा तर. आवडलं नाही तर रेघ मी स्वतः पुसतो."

ती बसली.

जांभळीला तिनं उभं राहून बघितलं होतं. पाठीवर झोपून, खालून बघितलं होतं. डोळे मिटूनसुद्धा बघितलं होतं. पण तीन फुटांवरून, पाच वर्षांच्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीवरून कधीच बघितलं नव्हतं. सायलेन्सरचं तोंड बरोबर तिच्या गालासमोर आलं होतं. उघड्या पंख्याची पाती हात लांबवला तर हाताला लागतील इतकी जवळ. आणि सगळं कसं लखलखीत… बोलावणारं.

"हा पाईप तापला की किती तापतो?" सौमित्रनं हळूच विचारलं.

"तव्यावानी."

"आणि दिसतो कसा?"

"तसाच…" तिचा आवाज खाली आला. "थंड असल्यावर दिसतो तसाच."

जिंकलो, असं त्याच्या चेहऱ्यावर उमटलं नाही. तिला तेच आवडलं. ती उठली, फक्कीचा तिथलाच दुसरा डबा उचलला आणि म्हणाली, "सहा न्हाय पुरायचे. पाईपच्या बाजूला आठ करूया. तुम्ही तिकडनं या, मी हिकडनं येतो."

दोघं दोन बाजूंनी रेघ ओढत आले आणि दिव्यांपुढं समोरासमोर भेटले. दोघांचे डबे एकमेकांवर आपटले. तिची बोटं पांढरी, त्याचं नाक पांढरं.

"नाकाला लागलंय," ती म्हणाली.

"कुठं?"

"ऱ्हाऊ दे. शोभतंय."

मग खांब आले, दोर आला. संयोगितानं चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवले, बॅटरीची तार सोडली, किल्ली खिशात टाकली आणि आग विझवायचं नळकांडं सीटजवळ हाताशी ठेवलं. सौमित्र प्रत्येक गोष्ट लक्षपूर्वक बघत होता. जणू ती तयारीही गाडीचाच सुंदर भाग होती.

इंजिन थंड होतं तोवर त्यानं मुलांना चार-चारच्या तुकडीनं दोराच्या आत सोडलं. "हात पाठीमागं! डोळ्यांनी खायची गाडी!" असं तो ओरडला की पोरं खिदळत हात मागं बांधायची. संयोगिता एकेकाला उचलून सीटवर बसवायची, स्टीअरिंग धरू द्यायची, कुठला नट कशासाठी हे सांगायची. पोरं तोंडाचा आ करून ऐकायची… आणि दोराशी उभे असलेले मास्तरही.

"सर," एका चुणचुणीत मुलीनं सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही आमच्यावर लक्ष ठेवालाय का ताईंवर?"

सौमित्रचे कान लाल झाले. संयोगितानं मान खाली घालून उगाचच एक नट घट्ट केला, आधीच घट्ट असलेला.

दुपारी आवाजाची फेरी होती, कुणाचं इंजिन सगळ्यात दमदार गरजतं ते ठरवायची. आयोजक राजवर्धननं सकाळीच सांगितलं होतं, की पहिल्या येणाऱ्याला तो आपल्या आजोबांची जुनी मोटार नव्यानं घडवायला देणार. संयोगितासाठी हे बक्षीस साधं नव्हतं. कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं नेमणुकीचं पत्र घरी येऊन पडलं होतं, एक तारखेला हजर व्हायचं होतं. ती मोटार हातात आली तर हंबीररावांना सांगता आलं असतं, आबा, ह्यातच माझं पोट हाय, नोकरी नको. आली नाही तर… ह्या 'तर'चा विचार तिनं केलाच नव्हता.

तिनं तार जोडली, सीटवर बसली. सौमित्र दोराच्या आतून तिच्याजवळ आला.

"तुम्हाला तिथून बाजूचं काही दिसणार नाही," तो म्हणाला. "मी समोर उभा असेन. माझे दोन्ही हात वर दिसले की इंजिन बंद. कारण विचारायचं नाही."

"आणि ऐन रंगात आली असली तर?"

"तरीही." तो थांबला. "मी हुकूम नाही सोडत, संयोगिता. विचारतोय. कराल?"

तिचं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं. तिनं नुसती मान हलवली.

जांभळी सुरू झाली तेव्हा मैदान एकदम गप्प झालं. आधी खोल, घोगरी गुरगुर, जमिनीतून तळपायांत चढणारी. मग तिनं अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि आवाज असा चढत गेला की माणसं नकळत टाचा उचलून उभी राहिली. शिट्ट्या झाल्या. दोराशी मोबाईल धरलेल्या हातांचं रान उभं राहिलं. माईकवरून राजवर्धन ओरडला, "आत्तापर्यंतचा नंबर एक! अजून, अजून द्या ताई!"

अजून थोडं. फक्त अजून थोडं…

समोर दोन हात वर गेले.

संयोगितानं किल्ली फिरवली.

शांतता इतकी अचानक आली की कानांना दडे बसल्यासारखं झालं. मग गर्दीतून नाराजीचा गलका उठला. "ए, बंद पडली! बंद पडली!" कुणीतरी हसलं. तिनं समोर बघितलं तर सौमित्र जागेवर नव्हता. तो डाव्या बाजूनं धावला होता. ती सीटवरून उडी मारून तिकडं गेली.

मागून लोटलेल्या गर्दीनं एक खांब कलला होता आणि सैल दोराखालून चार-पाच वर्षांची एक मुलगी आत शिरली होती. चकचकीत पाईपमध्ये तिला स्वतःचं तोंड दिसलं असावं. दोन्ही तळवे पुढं करून ती त्याच्यापासून वीतभर अंतरावर पोचली होती. सौमित्रनं तिला वरच्या वर उचललं, पण मधे आपला हात घालून. मुलीला ओरखडाही नव्हता. त्याची कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी मात्र लालभडक झाली होती.

"प्रियू!" करत मुलीची आई आली, तिला छातीशी धरून रडायला लागली. कुणी म्हणालं टूथपेस्ट लावा, कुणी म्हणालं हळद.

"काय बी लावायचं न्हाय!" संयोगिता गरजली. "पाण्याचा कॅन आणा. बाजूला व्हा सगळी!"

तिनं त्याला सावलीत बसवलं, त्याच्या हातावर पाण्याची बारीक धार धरली. एक कॅन संपला, तिनं दुसरा मागवला. ती घड्याळाकडं बघत होती, वीस मिनिटं पुरी व्हायला हवी होती. तिचा हात स्थिर होता.

"तुम्ही लगेच बंद केलीत," तो म्हणाला. "एका क्षणाचाही विचार केला नाहीत."

"कारण विचारायचं न्हाय म्हणालता की."

"लोक ऐकतात थोडंच…" तो दुखण्यातही हसला. "ती चालू राहिली असती तर पोरगी त्या आवाजानं दचकून कुठंही गेली असती. पंख्यातसुद्धा. तुम्ही बंद केलीत म्हणून ती जागच्या जागी थांबली."

माईकवरून निकाल सांगत होते. पहिला नंबर एका जीपचा. संयोगितानं मान वर करूनही बघितलं नाही. पाणी ओततच राहिली.

"वाईट वाटतंय?" त्यानं विचारलं.

"वाटतंय," ती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवयच नव्हती. "लई वाटतंय. पण परत तसं झालं तर परत बंदच करतो."

त्यानं तिच्याकडं बघितलं ते असं, की इतका वेळ स्थिर असलेली पाण्याची धार एकदम चुकली आणि दोघांच्या पायांवर सांडली.

एक तारखेला ती कागलला हजर झाली. आठवडाभर कारखाना, रविवारी वर्कशॉप. पहिल्या रविवारी सौमित्र आला तो हाताचं बँडेज दाखवायला, जणू तीच डॉक्टर. दुसऱ्या रविवारी चौथीच्या वर्गातल्या मुलांचे खांदे, हनुवट्या, हात कितीवर येतात ते मापून, वहीत लिहून घेऊन आला. त्या मापांवरून संयोगितानं पाईपांवर पोलादी जाळी बसवली, पंख्याला पिंजरा केला. तिसऱ्या रविवारी त्याला काही कारणच सापडलं नाही.

"आज काय काम काढलंय, सर?" हंबीररावांनी लेथ मशीनवरून विचारलं.

"काही नाही… असंच."

"मग बसा की. असंच येणाऱ्याला च्या पैला." म्हाताऱ्यानं मिशीत हसत मशीन बंद केलं.

फेब्रुवारीत गारगोटीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. सौमित्रची आई, कालिंदीबाई, तिथं मुख्याध्यापिका. त्यांनी मुलांना दाखवायला गाडी मागितली आणि एका रविवारी सकाळी जांभळी ट्रकवर चढून गारगोटीला पोचली. मैदानात पोरांनी नुसता कल्ला केला. पोरं गोळा होत असतानाच पांढऱ्या केसांच्या, ताठ कण्याच्या कालिंदीबाई गाडीजवळ आल्या.

"माझ्या मुलाचा हात भाजला तो ह्याच गाडीनं?"

सौमित्र मधे बोलायला गेला. संयोगितानं त्याला अडवलं.

"व्हय. ह्याच पाईपनं. तवा ह्यावर काय नव्हतं, ती चूक माझी. आता जाळी बसवलीय. बघा हात लावून."

कालिंदीबाईंनी खरंच हात लावला. जाळी हलवून बघितली, वाकून पंख्याचा पिंजरा बघितला, प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं. मग सरळ उभ्या राहिल्या.

"काम स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "हा मला फोनवर सांगत होता, आई, हात भाजला ते बरंच झालं. तेव्हा मला वाटलं, ताप डोक्यात गेलाय. आज समजलं."

"आई!"

"मी मुलांना रांगेत उभं करते. तुमचं काय बोलायचं राहिलंय ते उरकून घ्या." आणि त्या निघूनही गेल्या.

गाडीच्या आडोशाला दोघंच उरले. पलीकडं दोनशे पोरांचा गोंगाट. सौमित्रनं चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा काढला.

"संयोगिता… मी शिक्षक माणूस. तुझ्यासारखं काही घडवता येत नाही मला. पण त्या दिवशी तू गाडीसमोर खाली बसलीस ना, आणि आपलीच चूक दिसल्यावर डबा उचललास… तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. तू… म्हणजे आबांना मी विचारेन नंतर, पण आधी तुला. लग्न करशील माझ्याशी?"

संयोगितानं त्याचा तो भाजलेला हात हातात घेतला. नवी, कोवळी कातडी आली होती तिथं अंगठा अलगद फिरवला.

"व्हय," ती पुटपुटली.

"काय?" तो वाकला. "ऐकू नाही आलं."

"व्हय…"

"पोरांचा आवाज फार आहे गं, जरा मोठ्यानं—"

"व्हय म्हणालो की ओ!"

रांगेतली दोनशे तोंडं एकदम गाडीकडं वळली. मैदान चिडीचूप झालं. पुढच्या रांगेतून कालिंदीबाईंचा शांत, ठणठणीत आवाज आला, "आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. आता या दोघंही बाहेर."