जहाजाला काय कळतंय

झेरोमची होडी ओढून आणली तेव्हा कोल्लमच्या त्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. कूस फुटलेली, अर्धी बुडालेली होडी, आणि झेरोमचा पत्ताच नाही! त्याचा मेहुणा क्लीटस तेवढा वाचला. तो एकच घोकत होता, "पहाटे मोठं जहाज आलं, धडकून गेलं."

जहाज सापडलं. कॅप्टन लॉकअपमध्ये, बाहेर वस्ती दगड घेऊन उभी. कॅप्टन म्हणे, आम्हाला धक्का लागलाच नाही. जहाजावर ओरखडासुद्धा नव्हता.

"म्हणजे सुटणार तो?" झेरोमची बायको सेलिन विचारत होती.

सागरी पोलिसांतली लिझी म्हणाली, "ओरखडा नसला म्हणून कोणी सुटत नाही, सेलिनताई. बसवर डास आपटला तर बसला काय कळतंय?"

"मग खरं काय ते शोधा. नाहीतर ही माणसं त्याला मारतील, आणि माझा नवरा कसा गेला ते मला कधीच कळणार नाही."

लिझी होडीत चढली. पुढच्या टोकाला, नाळेवर, मेणाने चिकटवलेली मातेची वीतभर मूर्ती होती. जराशी कललेली. लिझी तिच्याकडे बघतच राहिली.

मग क्लीटसला गाठलं.

"धडक बसली तेव्हा कुठे होता, क्लीटसदादा?"

"मागे. इंजिनापाशी बसलेलो."

"आणि झेरोम?"

"उभा राहून, वाकून जाळं ओढत होता. तोल गेला, जाळ्यासकट पाण्यात."

"तुम्ही फेकले गेलात?"

"नाही मॅडम. होतो तिथेच."

"जहाज हळू होतं?"

"कसलं हळू! भरधाव."

बाहेर मासळी भरभरून मिळत होती, सगळ्या होड्या पाण्यात. एकच किनाऱ्यावर पालथी. क्लीटसचा पोरगा बर्लिन आपल्या त्या होडीच्या नाळेला निळा रंग फासत होता.

"काय रे, ऐन हंगामात रंगकाम?"

"जत्रेसाठी, मॅडम."

"जत्रा झाली की."

"राहून गेलं होतं." त्याने मान वर केली नाही.

लिझीने नखाने रंग खरवडला. खाली फुटलेल्या जागेत ताजा भराव.

संध्याकाळी तिने बापलेकाला सेलिनच्या अंगणात बसवलं.

"डोंगराएवढं जहाज भरधाव येऊन होडीला लागलं, तर त्याचा वेग तसूभरही कमी होत नाही. पण होडी चेंडूसारखी उडते. मेणावरची मूर्ती तिथे राहील? क्लीटसदादा बसल्या जागी राहतील? म्हणजे धडकणारं होडीएवढंच होतं, आणि हळू होतं. बरं, सारख्याला सारखं धडकलं की मार दोघांना बसतो. म्हणून मी दुसरी जखम शोधली. ती निळ्या रंगाखाली निघाली."

क्लीटस खाली बघत म्हणाला, "होडी चालवताना झोप लागली होती पोराला. मीच त्याला घरी पिटाळलं. म्हटलं, जहाजावर घालू. त्यांना कळतंय कुठे, सगळे विश्वास ठेवतील."

"आणि त्या कॅप्टनला दगड, दादा?" सेलिन म्हणाली.

ती भाच्याकडे वळली.

"बर्लिन, ह्यांनी, झेरोमनी, हाक मारली होती?"

"हो आत्या."

"कोणाला?"

"मला. समोरून माझी होडी येताना दिसली म्हणून. त्या हाकेनेच जाग आली, तोवर धडकलो होतो. माझंच नाव घेत होते."