गळेल तिथं ठोकायचं

कृष्णकांत तिसऱ्यांदा गाडी घेऊन आला तेव्हा मे महिना होता आणि शिरढोणच्या रस्त्यावर नुसती धूळ उडत होती. रस्त्याला लागूनच माझं शेड. गाड्यांच्या काचा बसवतो, दुसरं काही करत नाही.

"ये, बघ तुझी करामत," तो म्हणाला. गाडीतून उतरलाही नाही.

मी बसवलेल्या पुढच्या काचेखालची मॅट पुन्हा ओली होती. पावसाचा पत्ता नाही. एसीचा पाइप मागच्या खेपेलाच तपासला होता, साफ होता. मॅटला बोट लावून चाखलं. खारट.

"साहेब, खाडीत घातली होती का गाडी?"

"जीभ सांभाळ. आता गळली ना, तर खांदा कॉलनीच्या ग्रुपवर फोटो टाकतो. मग बस माशा मारत."

माझं निम्मं काम त्या कॉलनीतून येतं. त्याला ते माहीत होतं, म्हणून तर एवढा माज.

त्याची बायको सुनीता उतरून गाडीमागे उभी होती. "अबरारभाई, मी तेव्हाच सांगितलं होतं यांना, ही खाडीतून काढलेली जुनी गाडी नको."

"तू गप्प बस," तो म्हणाला.

मी काच काढली, जुनं सीलंट खरवडलं, नवं भरलं, काच दाबून बसवली. दुसऱ्या दिवशी दोघं चाचणीला आली. चाचणी सोपी असते. एकाने बाहेरून नळीने पाणी मारायचं, दुसऱ्याने आत बसायचं. थेंब दिसेल तिथं आतून काचेवर ठोकायचं. मी कृष्णकांतलाच आत बसवलं. खुन्नस होतीच. बघ म्हटलं, स्वतःच्या डोळ्यांनी.

त्यानं दारं लॉक केली. मी खालच्या कडेपासून पाणी मारत वर गेलो. डावी बाजू, छत, उजवी बाजू. एकही ठोका नाही. मला हसू आलं.

मग ठोका आला. खाली, डाव्या कोपऱ्यात.

दुसरा काचेच्या मधोमध. तिथं ना सांधा, ना सील. गळणार काय, कपाळ? मस्करी करतोय, म्हटलं, आणि नळी बंद केली.

ठोके चालूच.

काचेवर आतून वाफ धरली होती. वाफेखाली गढूळ पाणी दिसलं. स्टिअरिंगपर्यंत आलेलं. आणि चढत होतं.

"अहो! दार उघडा!" सुनीता किंचाळली.

दार हलेना. मी बाजूच्या काचेवर हातोडा घातला. पुन्हा घातला. ओरखडासुद्धा नाही.

उरली माझी काच. कालचं सील, आजवर भरलेलं सगळ्यात चांगलं. त्यात चाकू घुसवला आणि कापत गेलो. ठोके माझ्या तळहाताला लागत होते.

काच उचलायचे रबरी कप चिकटवले. एक सुनीतानं धरला, एक मी. ओढली.

पाणी आलं नाही.

सीट कोरडी. मॅट कोरडी. कृष्णकांत ताठ बसलेला, केससुद्धा विस्कटले नव्हते.

"मग ठोकत कशाला होतात एवढं?" मी ओरडलो.

"मी नाही ठोकलं." आवाज अगदी बारीक. "मला हात हलवताच येत नव्हते."

त्यानं हात पुढे केले. शर्ट कडक इस्त्रीचा, कोरडा ठणठणीत. फक्त दोन्ही बाह्या मनगटांशी चिंब होत्या, कुणी मुठीत घट्ट धरून ठेवल्यासारख्या चुरगळलेल्या.